दुष्काळात सरकारकडे मदतीचा हिशोब मागणारे सार्वजनिक काका

भोसरीत एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर पाळी सुटायच्या वेळी उभं राहा. बाहेर पडणाऱ्या गर्दीत बीडचा, लातूरचा, धाराशिवचा, सोलापूरचा माणूस हमखास सापडतो. नोकरी भोसरीची, पण सातबारा गावाकडचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात पावसानं शेतं अक्षरशः खरवडून नेली. त्यानंतर इथल्या चहाच्या टपऱ्यांवर विषय गावाकडचाच. पंचनामा झाला का, यादीत नाव आलं का, विशिष्ट क्रमांक म्हणजे तो व्हीके नंबर मिळाला का, ई-केवायसी कुठं करायची, आणि शेजारच्याचे पैसे आले तर आपले का नाहीत.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा ऐकायला दणदणीत आहे. पण शेतकऱ्याच्या खात्यात पैसे येतात ते हेक्टरच्या हिशोबानं. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० आणि तेही तीन हेक्टरपर्यंतच. वर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जाहीर झाले. म्हणजे सगळा खेळ येऊन थांबतो तो यादीवर. यादीत क्षेत्र किती लिहिलंय, नुकसान किती लिहिलंय आणि मुळात नाव आहे का.

ही यादी कशी बिघडू शकते ते त्याच वर्षी जालना जिल्ह्यात दिसलं. आधीच्या वर्षांत वाटलेल्या अतिवृष्टीच्या अनुदानाची चौकशी लागली आणि अंबड, घनसावंगी या तालुक्यांत बोगस लाभार्थी सापडले. नावावर जमीन नसलेल्यांना पैसे, एकाच क्षेत्रावर दोनदा पैसे, असले प्रकार. रक्कम कोट्यवधींची. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. हे सगळं बाहेर आलं ते पैसे निघून गेल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी मदत आणि गोंधळ हे समीकरण काही नवीन नाही. बरोबर आहे. पण सरकार जे लिहितं ते खरं आहे का, हे सरकारच्या बाहेरच्या माणसांनी गावोगाव माहिती काढून तपासायचं, ही कल्पनाही नवीन नाही. ती जवळपास दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका वकिलानं संस्था उभी करून राबवली होती. तेव्हा ना माहिती अधिकार होता, ना निवडून दिलेलं सरकार.

त्या वकिलाचं नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणायचे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि स्वदेशीचे पुरस्कर्ते. दुष्काळाचा भाग त्यात बहुतेक वेळा राहूनच जातो.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्याचा. पुण्यात आल्यावर सरकारी कचेरीत नोकरी केली, पुढं वकिलीची परीक्षा देऊन वकिली सुरू केली. कचेरीत काम केलेला माणूस असल्यामुळं कागद कुठं जन्माला येतो, कुठं अडतो आणि कुठं गायब होतो, हे त्यांना आतून माहीत होतं. पुढच्या आयुष्यात हीच माहिती कामाला आली.

गोष्ट सुरू होते पर्वतीच्या देवस्थानापासून. पेशव्यांनी उभं केलेलं हे संस्थान. इंग्रजी राज्यात त्याचा कारभार पंचांकडे होता. पैसा यायचा, पण तो जातो कुठं याबद्दल पुण्यात कुरबूर सुरू झाली. तक्रार करायची तर सरकार विचारणार, तुम्ही कोण? चारचौघांनी अर्ज केला तर तो चारचौघांचाच राहतो. यावर काकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो तोडगा काढला, तो मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात हुशार भाग वाटतो. त्यांनी लोकांकडून मुखत्यारनामे घेतले. कोर्टात वकिलाला जसं वकीलपत्र देतात, तसंच. सुमारे ६,००० लोकांनी सह्या करून ९५ जणांना आपल्या वतीनं बोलायचा अधिकार दिला. २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांचा मुखत्यारनामा हवा, असा नियमच होता.

मतदान नावाची गोष्ट सामान्य माणसाला माहीत नव्हती, त्या काळातलं हे आहे. सरकारनं तुम्ही कोण असं विचारलं की पुढं ठेवायला सह्यांचा गठ्ठा तयार. अर्थात हे ९५ जण म्हणजे कोण होते, तेही बघायला हवं. सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी, वकील. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष. रयत या सभेत जवळपास नव्हतीच. जोतीराव फुल्यांनी या सभेवर उघड टीका केली ती याच मुद्द्यावर. शेतकऱ्याच्या नावानं बोलणाऱ्यांत शेतकरी कुठं आहे, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला सभेकडं धड उत्तर नव्हतं. सावकाराचं कर्ज आणि कुळकर्ण्याची लेखणी या दोन्हींखाली रयत चिरडली जाते, हे फुले सांगत होते, आणि सभेत बसणाऱ्यांचे हितसंबंध बऱ्याचदा त्याच बाजूला होते.

तरी सभेनं एक काम केलं. पर्वतीच्या हिशोबावर न थांबता ती सरकारच्या हिशोबाकडं वळली.

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. रानडे सरकारी नोकर, उघडपणे पुढं येऊ शकत नव्हते. मग जोडी जमली. अभ्यास, आकडे आणि मसुदा यामागं रानड्यांचं डोकं. लोकांना जमवणं, पैसा उभा करणं, सही करणं आणि सरकारचा रोष अंगावर घेणं हे काकांचं काम. इतिहासात रानडे मोठे झाले ते योग्यच आहे. पण त्या कागदांखाली सही करायला माणूस लागतो, आणि सही करणाऱ्याचीच चौकशी होते.

या जोडीचा पहिला मोठा विषय होता शेतसारा. त्या वर्षांत इंग्रज सरकार ३० वर्षांनंतरची फेरपाहणी करून शेतसारा नव्यानं ठरवत होतं. पुणे जिल्ह्यात इंदापूर, भीमथडी, हवेली अशा तालुक्यांत नवे दर लागले. भोसरी तेव्हा हवेली तालुक्यातलंच एक शेतीचं गाव. एमआयडीसी यायला अजून ९० वर्षं होती. काही गावांत सारा एका फटक्यात दीडपट, दुप्पट झाला. सरकारचं म्हणणं, शेतमालाचे भाव वाढलेत, शेतकरी सुखी आहे. सभेनं उपसमिती नेमली, तालुक्यांतून माहिती गोळा केली आणि १८७३ मध्ये अहवाल छापला. भाव वाढले होते ते अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला आलेल्या तेजीत, आणि ती तेजी कधीच उतरली होती, असा त्याचा रोख होता. १८७४ मध्ये सरकारनं साऱ्याच्या वाढीला मर्यादा घालणारे आदेश काढले. सगळं श्रेय सभेला देता येणार नाही, तक्रारी चहूबाजूंनी होत्या. पण सरकारी आकड्याला बाहेरचा आकडा उत्तर देऊ शकतो, हे पुण्यानं पाहिलं.

१२ मे १८७५ ला सुप्यात सावकारांवर शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी पाऊस गेला.

१८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये जवळपास कोरडा गेला. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, नगर, सोलापूर, सातारा, कलादगी म्हणजे आताचा विजापूर-बागलकोट भाग, सगळीकडे खरीप बुडालं, रब्बी पेरताच आलं नाही. आधी गुरं गेली, मग माणसं गाव सोडू लागली. पुढच्या दोन वर्षांत दक्षिण भारतात या दुष्काळानं सरकारी अंदाजानुसारच ५० लाखांपेक्षा जास्त माणसं मारली.

मदतीची त्या वेळची पद्धत अशी होती. धडधाकट माणसाला फुकट काही नाही. दुष्काळी काम काढायचं, रस्ता, तलाव, रेल्वेचा भराव, आणि कामावर येईल त्याला मजुरी द्यायची. भोसरीतल्या कित्येक जणांनी गावाकडं जाताना दौंड-मनमाड लोहमार्गावरून प्रवास केला असेल. तो मार्ग याच दुष्काळातलं काम आहे. १८७८ मध्ये तो सुरू झाला.

सरकार म्हणत होतं, कामं काढलीत, मजुरी देतोय, परिस्थिती आटोक्यात आहे. मामलेदार कलेक्टरला कळवणार, कलेक्टर मुंबईला, मुंबई कलकत्त्याला, कलकत्ता लंडनला. प्रत्येक टप्प्यावर वाईट बातमी थोडी मवाळ होत जाणार. कचेरी बघितलेल्या काकांना ही साखळी पाठ होती.

म्हणून सभेनं दुसरी साखळी उभी केली. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली, तालुक्यांतून पत्रं मागवली. कुठं किती पाऊस झाला, ज्वारी-बाजरीचा भाव काय, गुरं किती भावात विकली जातायत, कुठल्या गावातून किती माणसं निघून गेली, दुष्काळी काम किती लांब आहे, मजुरी किती आणि वेळेवर मिळते का, सारा वसुलीला कोण येतंय. हे सगळं एकत्र करून १८७६ च्या अखेरीपासून सभा एकामागून एक वृत्तांत सरकारला पाठवू लागली आणि छापूही लागली. छापणं महत्त्वाचं. सरकारला पाठवलेला अर्ज फायलीत पडून राहतो, छापलेला वृत्तांत मुंबईच्या वर्तमानपत्रांच्या आणि इंग्लंडमधल्या खासदारांच्या हाती पडतो.

आजच्या भाषेत सांगायचं तर एकीकडं सरकारी पंचनामा चालला होता आणि दुसरीकडं सभेचा पंचनामा. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येत होते.

मग आला टेंपलचा विषय.

सर रिचर्ड टेंपल हा अधिकारी. १८७३-७४ मध्ये बिहार-बंगालमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणला, सढळ हातानं खर्च केला आणि फारच थोडी माणसं मेली. बक्षीस काय मिळालं? पैसा उधळला म्हणून टीका. ती टीका टेंपलनं चांगलीच मनाला लावून घेतली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटननं त्यालाच मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळावरचा खर्च तपासायला पाठवलं. टेंपलनं मजुरीचं नवं माप काढलं. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला. बाईला त्याहून कमी.

त्याच सुमारास गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं धोरण आलं. मजुरी कमी आणि घर सोडून जायचं. मुंबई इलाख्यात मोठ्या संख्येनं मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. सरकारनं त्याचा अर्थ लावला तो असा की लोकांना मुळात गरजच नव्हती, नाहीतर काम सोडलं असतं का? आकड्यांत बघाल तर दुष्काळी कामावरची हजेरी कमी झाली, म्हणजे दुष्काळ ओसरला. कागदावर किती सोपं.

इथं सभेचे वृत्तांत कामाला आले. लोक काम सोडून कुठं गेले, काय खाऊन राहिले, कामावर परत का जात नाहीत, हे सभा लिहीत होती. एक पौंडावर माणूस काम करू शकत नाही, तुरुंगातल्या कैद्यालाही यापेक्षा जास्त मिळतं, ही तुलना सभेनं सरकारपुढं ठेवली. त्यासाठी कुठलं भावनिक भाषण करावं लागलं नाही. सरकारचा कैद्यांचा नियम आणि सरकारचाच मजुरांचा नियम एकापुढं एक ठेवला, बस. मद्रास इलाख्यात सरकारचाच आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश हेच सांगत होता. तिथं पुढं मजुरी वाढवावी लागली. मुंबई मात्र अडून राहिली. मे १८७७ मध्ये टेंपल स्वतःच मुंबईचा गव्हर्नर होऊन आला, तेव्हा काय होणार ते दिसतच होतं.

शेतसाऱ्याचंही तेच. पीक नाही तर सारा माफ करा, ही सभेची मागणी. सरकारचा कल माफ करण्यापेक्षा वसुली पुढं ढकलण्याकडं. पुढं ढकललेला सारा म्हणजे दुष्काळातून वाचलेल्या माणसाच्या डोक्यावर पहिल्या बऱ्या पावसाला बसणारं जुनं देणं. अलीकडच्या कर्ज पुनर्गठनाशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याच्या मधोमध १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचं होतं. दक्षिणेत माणसं मरतायत आणि दिल्लीत राजेरजवाडे हत्तींवरून मिरवतायत, असा तो प्रसंग. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तिथं गेले, अंगावर हातानं कातलेल्या सुताचे पांढरे कपडे. १२ जानेवारी १८७२ ला त्यांनी स्वदेशी वापरायची शपथ घेतली होती आणि स्वतः सूत काततही होते. जरीच्या आणि हिऱ्यांच्या त्या गर्दीत हा एक साधा माणूस सभेच्या वतीनं मानपत्र देतो आणि त्यात भारतीयांना ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय दर्जा मागतो. गांधीजींचा जन्म होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. खादीचा हा प्रसंग सगळे सांगतात. पण मुंबई सरकारच्या टेबलावर त्याच आठवड्यांत त्याच सभेचे दुष्काळाचे वृत्तांत जाऊन पडत होते, हेही सोबत सांगायला हवं.

पुण्यात दुष्काळाच्या कामाला आणखी एक बाजू होती. फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७७ मध्ये धनकवडीला मुलांसाठी छावणी काढली, उपाशी पोरांना जेवू घातलं. सभा आकडे गोळा करत होती, सत्यशोधक भाकरी देत होते. दोघांचं पटत नव्हतं. दोघांचीही गरज होती असं आज बसून म्हणणं सोपं आहे; धनकवडीत बसलेल्या पोराला विचारलं असतं तर त्यानं भाकरीचं नाव घेतलं असतं.

काकांच्या घरातलीही एक गोष्ट. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये स्त्री विचारवती सभा सुरू केली होती. हळदीकुंकवाच्या निमित्तानं वेगवेगळ्या जातींच्या बायकांना एकत्र बसवायचं, त्या काळात हे धाडसच. त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय.

दुष्काळ ओसरला आणि त्याचं बिल वेगळ्याच रूपात समोर आलं. लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके. सार्वजनिक सभेच्या गोटातली, रानड्यांची व्याख्यानं ऐकलेला माणूस. दुष्काळी भाग त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि अर्ज, वृत्तांत, मानपत्रं यावरचा त्यांचा विश्वास उडाला. २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर त्यांनी पहिला दरोडा घातला. बंडासाठी पैसा उभा करायचा होता. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या. सरकारला पुण्याच्या प्रत्येक शिकलेल्या माणसाचा संशय येऊ लागला. रानड्यांची बदली आधी नाशिकला झाली होती, मग ते धुळ्याला गेले.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. राणीच्या सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप. अशा माणसाचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं. पुण्यातल्या खटल्यात ते घेतलं सार्वजनिक काकांनी.

जरा थांबून बघा. काकांचा सगळा मार्ग कायद्याचा. सह्या, अर्ज, अहवाल. फडक्यांचा मार्ग त्याच्या बरोब्बर उलट, आणि तोही काकांच्याच मार्गाला कंटाळून निवडलेला. तरी कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते काकाच. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, एडनला पाठवलं, तिथंच १७ फेब्रुवारी १८८३ ला ते गेले.

काका त्याआधीच गेले होते, २५ जुलै १८८० ला. वय ५२.

त्याच महिन्यात, जुलै १८८० मध्ये, रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. दुष्काळात मदत करणं हे सरकारचं कर्तव्य आहे आणि ती कशी करायची याचे लेखी नियम हवेत, असं त्यानं मांडलं. त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा झाला आणि मग प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामं कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, सारा कधी थांबवायचा, सगळं कागदावर आलं. पुण्याच्या सभेमुळं आयोग नेमला गेला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. इतकी माणसं मेल्यावर सरकारला काहीतरी करावंच लागणार होतं. पण मदत म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीची भीक नसून नियमानं मोजायची गोष्ट आहे, हा वाद सभा चार वर्षं घालत होती.

आपल्याकडची पैसेवारी याच घराण्यातली. पूर्वी तिला आणेवारी म्हणायचे, म्हणजे रुपयात किती आणे पीक आलं. आजही गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर सवलतींची चर्चा होते. ती नजर पैसेवारी, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी ठरते, आणि गावकऱ्यांची तक्रारही तीच जुनी असते, शिवारात न फिरता आकडा लावला.

नियम कागदावर आले, पण ते इंग्रजीत होते. ही पुढची अडचण सोडवली काकांच्या सभेच्या पुढच्या पिढीनं. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सभा लोकमान्य टिळकांच्या गटाच्या हातात होती. टिळकांनी दुष्काळ संहितेतले नियम मराठीत आणले, छापले आणि सभेच्या माणसांबरोबर गावोगाव पाठवले. पीक बुडालं असेल तर सारा भरू नका, हा तुमचा हक्क सरकारच्याच कायद्यात लिहिलाय, असं शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं. केसरीतून तेच छापून येत होतं. म्हणजे टिळकांनी नवीन काही मागितलंच नव्हतं. सरकारनं स्वतः केलेला नियम लोकांना वाचून दाखवला होता.

सरकारला हे काकांच्या वृत्तांतांपेक्षाही जास्त झोंबलं. अहवाल फार तर वरिष्ठांना अडचणीत आणतो, नियम माहीत असलेला शेतकरी तर थेट तलाठ्याला आणि मामलेदाराला अडवतो. सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले. १७ मार्च १८९७ ला मुंबई सरकारनं सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सभेनं सरकारला पत्र लिहिलं तरी यापुढं त्याची दखल घेतली जाणार नव्हती. काकांनी ६,००० सह्या गोळा करून जी ओळख मिळवली होती, ती २७ वर्षांनी एका आदेशानं गेली.

आज मदतीचे शासन निर्णय मराठीत निघतात आणि सरकारी संकेतस्थळावर दिसतात. २००२ मध्ये महाराष्ट्राचा आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा आला. केंद्राच्या कायद्याचं कलम ४ तर असं सांगतं की अनुदान कुणाला किती दिलं ही माहिती कुणी मागायची वाट न बघता सरकारनं स्वतःहून उघड करावी. तरी जालन्यातला प्रकार घडायचा तो घडलाच.

तेव्हा भोसरीत राहून गावाकडची यादी बघणाऱ्यांसाठी कामाची माहिती एवढी. व्हीके नंबर असलेली यादी तलाठी आणि ग्रामपंचायतीकडं येते, ती मागून बघता येते. आपल्या नावासमोरचं क्षेत्र आणि सातबारावरचं क्षेत्र जुळतं का ते आधी बघा. ई-केवायसी करताना सेवा केंद्रात स्क्रीनवर हीच माहिती दाखवतात. ती चुकीची असेल तर घाईत अंगठा देऊ नका, तिथंच असहमती नोंदवता येते आणि ती तक्रार तहसीलदाराकडं जाते. आणि यादीत आपल्या गावात कधीच न दिसलेलं एखादं नाव सापडलं, तर तहसील कार्यालयात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. त्यासाठी आता ५० जणांचा मुखत्यारनामा लागत नाही.